कागदावरचे बाबा

रविवार, ४ ऑक्टोबर १९९२

हरलो. अकरा गुणांनी. मी आठ मिनिटं खेळलो — दोन गुण, तीन फाउल, आणि एकदा चेंडू थेट प्रेक्षकांत! पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी तो परत फेकला आणि ओरडले, "घे रे टेलिफोनच्या खांबा, तुझाच आहे!" सगळा हॉल हसला.

नंतर आमच्या प्रशिक्षकांनी, तिहोमिर सरांनी, खोलीत बोलावलं. वाटलं, आता बास्केटबॉल संघातून काढणार. तर म्हणाले, "ग्रीसमधल्या थेसालोनिकीचा एक क्लब तुला मागतोय."

मला?

"सर, तुम्हाला स्रेच्को म्हणायचंय का?" स्रेच्को आमचा कप्तान. आज एकट्याने चोवीस गुण काढले.

"माझ्या पोरांची नावं मला कळतात. ओग्न्येन येव्जोविच, वय सतरा, उंची दोन मीटर सहा. तूच ना?"

मीच. पण मला का?

मंगळवार, ६ ऑक्टोबर

अट आहे! त्या क्लबात परदेशी खेळाडूंच्या जागा भरल्यात. मी ग्रीक नागरिक झालो तरच खेळू शकतो. तिकडे पानायोतिस काल्फास नावाचे एक विधुर आहेत. शिंपीकाम करायचे, आता घरीच असतात, मूलबाळ नाही. ते मला दत्तक घेणार. कागदावर. मी होणार अँगेलोस काल्फास. आणि हे सगळं १५ जानेवारीच्या आत, कारण मी अठराचा झालो की दत्तक जाता येत नाही. आईबाबा दोघांच्या सह्या लागतात.

सरांनी हे आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. आई चुलीवर मिरच्या भाजत होती, हिवाळ्याच्या चटणीसाठी. मान वर न करता म्हणाली, "कुठे करायची सही?" काळे हात पुसले आणि केलीसुद्धा! मी शेजारच्या गावी सामन्याला निघालो तरी डोळ्यांत पाणी आणणारी माझी आई!

बाबांनी टोपी घेतली आणि मागच्या शेडमध्ये गेले. तिथून बराच वेळ कानस घासल्याचा आवाज येत होता.

शनिवार, १० ऑक्टोबर

अँगेलोस काल्फास. वहीत दहा वेळा लिहून पाहिलं. अक्षर माझं वाटतच नाही.

रविवार, २५ ऑक्टोबर

आज सहा मिनिटं. एक बास्केट.

कपडे बदलताना स्रेच्को जवळ येऊन बसला. "खरं सांग, वशिला कुणाचा?"

"शप्पथ, कुणाचा नाही."

"मग तुझा कुठला सामना पाहिला त्यांनी? चिडत नाहीये मी, ओगी. नुसतं सांग. कुठला?"

मोराव्हा नदीच्या काठाने घरी येताना तेच डोक्यात. युद्धामुळे आपल्या देशावर निर्बंध घातल्यापासून आमच्या हॉलमध्ये परका माणूस फिरकलेला नाही. मग कुणी पाहिलं मला? कधी? आणि पाहिलं, तर मागतात कशाला?

स्रेच्कोला मार्चमध्ये लष्कराचं बोलावणं आहे. हसतहसत सांगतो — "खेळाडूंना काय! राजधानीतल्या बराकीत चेंडूच खेळायला लावतात." मलाही पुढेमागे येईल. तोवर ग्रीसचं ठरलं तर ठरलं.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

आई पुन्हा स्तानोयका मावशीकडे गेली. झ्वेझ्दानला — मावशीच्या मुलाला — आघाडीवरून रुग्णालयात आणि आता घरी आणलंय. मी येतो म्हटलं, तर म्हणाली, "तुझा सराव आहे." सराव नव्हता. आल्यावर जेवली नाही. मी विचारलं, कसा आहे? म्हणाली, "तू भात घे अजून."

सोमवार, १६ नोव्हेंबर

आमच्या कुळाच्या संताचा दिवस. घर माणसांनी भरलेलं. उकडलेल्या गव्हाचा प्रसाद, कोबी, राकिया दारूच्या बाटल्या. मिलेंतिये काकांना चढली होती. मला बघून म्हणाले, "काय रे, पुढच्या वर्षी कुठला संत? ग्रीकांकडे भाड्याने मिळतो का?" सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?

मग पाद्री आले आणि सणाचा गोल पाव फिरवायची वेळ झाली. बापाने आणि मुलाने मिळून धरायचा, दरवर्षीसारखा. बाबांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर आला आणि त्यांनी तो दाबला. इतका, की दुखलं. तीनदा फिरवून झालं, तरी सोडेनात. शेवटी पाद्री खाकरले.

मला वाटतं ते रागावलेत माझ्यावर. पण मी कुठे काय मागितलं? मला मागितलंय!

रविवार, २९ नोव्हेंबर

भांडलो. आजवर असं कधी भांडलो नव्हतो.

सही केली का, विचारलं. "बघू." हेच उत्तर, गेले आठ आठवडे! माझा तोल गेला. म्हटलं, "मी कुणीतरी मोठा व्हावं असं तुम्हाला वाटतच नाही! तुमच्यासारखं जन्मभर लेथवर उभं राहावं, एवढंच!"

बाबा सूप पीत होते. चमचा खाली ठेवला. "कुणीतरी म्हणजे कोण?"

आईने मला बाहेर पाठवलं, आणि मग ती त्यांनाच बोलताना ऐकलं — "रादिसाव, तुझ्या मानापानासाठी थांबला असशील तर मी तुला कधी माफ करणार नाही."

म्हणजे आईला मी जायला हवाय आणि बाबांना नकोय. उलटंच असायला हवं होतं ना?

शनिवार, १२ डिसेंबर

समाजकल्याण कार्यालयातून बाई घरी आल्या. मला एकट्याला विचारलं, "तुझी मर्जी आहे ना?" हो म्हटलं. "मग नंतर वडिलांना काय म्हणणार?"

बाबाच म्हणणार ना? की काल्फासना म्हणायचं? बाईंनी पेन धरून वाट पाहिली आणि मग तो रकाना मोकळाच सोडला.

गुरुवार, १७ डिसेंबर

नऊ मिनिटं. शून्य गुण. शून्य! तिहोमिर सर काहीच ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "पोटभर जेव, झोप घे, आजारी पडू नकोस." मी खेळाडू आहे की बाजारात न्यायचं वासरू?

शनिवार, २ जानेवारी १९९३

तेरा दिवस उरले. सर सकाळीच आले, अंगणातूनच आवाज चढवला. "रादिसाव, माणसा! वेळ संपत आलाय!"

बाबा लाकडं फोडत होते. "माहीत आहे. तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे मला."

"मग कशाची वाट बघतोस?"

"सात तारखेला आपला नाताळ होऊ दे. एक नाताळ."

सर गप्प झाले. सर! जे पंचांपुढेही गप्प बसत नाहीत. मग कुऱ्हाड बाजूला करून बाबांच्या शेजारी ओंडक्यावर बसले. दोघांनी सिगरेट ओढली. मी खिडकीतून बघत होतो. या घरात मला सोडून सगळ्यांना काहीतरी माहीत आहे.

शुक्रवार, ८ जानेवारी

काल नाताळ झाला. आज सकाळी बाबा कोट घालून उभे. टायसुद्धा! "चल."

कार्यालयात त्यांनी प्रत्येक पान वाचलं. शिक्क्यांवरचं सुद्धा. बाई म्हणाल्या, "इथे, आणि इथे, आणि मागे." एका ठिकाणी लिहिलं होतं की यापुढे या मुलावर माझा कोणताही हक्क नाही. तिथे बोट ठेवून त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग सही केली, नेहमीसारखी — रेषा ओढून, खाली ठिपका.

बाहेर आल्यावर मला खिमा भरलेलं गरम बुरेक आणि दही घेऊन दिलं. स्वतः नाही खाल्लं. मी खात असताना बघत उभे राहिले. मग म्हणाले, "उंच माणसाने वाकून चालू नये. लोकांना वाटतं आपण माफी मागतोय."

बस. एवढंच. मी थँक्यू म्हणायला हवं होतं का? कशाबद्दल पण?

बुधवार, १३ जानेवारी

बसमध्ये लिहितोय. सरहद्दीवर अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट बराच वेळ पाहिला. जन्मतारखेवर बोट. "परवा अठरा?"

"हो."

"परवा आला असतास तर इथूनच परत पाठवला असता." शिक्का मारला. मला बघून म्हणाला, "पळ."

निघताना आईने रडून घेतलं. बाबांनी बॅगेचा पट्टा दोनदा आवळला आणि बस सुटायच्या आधीच पाठ फिरवून चालायला लागले. वळून पाहिलं नाही. मी काचेवर हात आपटला तरी नाही. इतका राग?

रविवार, ७ फेब्रुवारी — थेसालोनिकी

पहिला सामना! माईकवरून पुकारा झाला — अँगेलोस काल्फास! मी बाकावरच बसून. शेजारच्याने कोपर मारलं तेव्हा कळलं की मीच.

तीन मिनिटं. एक रिबाउंड. पानायोतिस प्रेक्षकांत उभे राहून टाळ्या वाजवत होते, एकटेच. चांगले आहेत. दाट डाळ करतात आणि ताट संपेपर्यंत उठू देत नाहीत. मी त्यांना अजून कुठल्याच नावाने हाक मारलेली नाही.

घरी फोन लागला. आई म्हणाली, "बाबा कामावर गेलेत." रविवारी?

मंगळवार, २ मार्च

तीन सामने नुसता बसून. इथली दुसऱ्या फळीतली पोरंही माझ्यापेक्षा चांगली खेळतात. तरी कुणी मला काढत नाही. प्रशिक्षक लेफ्तेरिस भेटले की खांद्यावर थोपटतात. काही कळेनासं झालंय.

शनिवार, १३ मार्च

आज लेफ्तेरिसना विचारलंच. बेलग्रेडला शिकलेत, आपली भाषा बऱ्यापैकी बोलतात. तुम्ही माझा कुठला सामना पाहिला होता?

"एकही नाही. तुझे वडील आले होते. ऑगस्टमध्ये, बसने. तुमच्या तिहोमिरची चिठ्ठी होती खिशात. दोन दिवस हॉलच्या दाराशी बसून राहिले. म्हणाले, मुलगा अठराचा झाला की लष्कर नेईल, त्याच्या मावसभावाला नेलंय. खेळवा, नका खेळवू, पण इथे ठेवा. मी सांगितलं, दत्तक हा एकच रस्ता आहे. मग म्हणाले — ज्याच्या घरात राहणार, तो माणूस मला दाखवा."

ऑगस्टमध्ये बाबा निश शहरात मशीन बसवायला गेले होते. आम्हाला तसंच सांगितलं होतं. आईलाही.

घरी येऊन पानायोतिसना विचारलं, बाबांशी काय बोललात? त्यांनी हातवारे करून सांगितलं : बोलणार काय, भाषाच येत नव्हती. घर पाहिलं. ही खोली पाहिली. मग त्यांनी खिशातून टेप काढली आणि पलंग मोजला.

माझ्या पलंगाला पायाकडे हातभर फळी जोडलेली आहे. मघाशी गादी उचलून पाहिली. सांधे कानशीने घासून घासून गुळगुळीत केलेत, बाबा शेडमध्ये करतात तसे.