विळ्याच्या मानेचा रेझर

जळकोट,
१६ सप्टेंबर २०२४

चि. शिवप्रियास आईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आम्ही इथं बरे आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पण बरं न्हाय. हातात फोन असून आई पत्र लिहितीया म्हणून हसू नकोस. हे फोनवर बोलता येत न्हाय. लकव्याचा झटका आल्यापासून तुझ्या आबांची जीभ जड झाली, पण कान लई तिखट झालेत. मी चुलीपाशी कुजबुजले तरी ते ओसरीवरनं खाकरतात.

झालंय असं, त्यांचा डावा हात छातीला आवळून बसलाय तो बसलाच. काखेत घाम मुरतो, केस चिकटतात. आता तिथं जखम झालीय, वासबी येतोय. उमरग्याचे डॉक्टर म्हणाले, केस काढल्याबिगर मलम कातडीला लागायचं न्हाय. त्यात साखर. चिघळलं तर भरती करून चिरावं लागंल. दसरा झाला की दाखवायला बोलावलंय.

मी ब्लेड घेऊन गेले तर म्हणाले, बायकोच्या हातनं काख भादरून घ्यायची वेळ आली का माझ्यावर? मग उजव्या हातानं स्वतःच करायला बसले. साधा रेझर त्या फटीत शिरतच न्हाय, आडवा होतो. कापून घेतलं. रक्त बघून मी हळद आणायला पळाले. ते मात्र बनियनीला डाग पडला म्हणून उलट मलाच बोलले.

तू तिकडं वस्तूंच्या मुठी अन् दांडे घडवायला शिकतीस ना? मग बापाला एक रेझर करून दे, त्यांना एकट्याला चालवता येईल असा. अन् नीट ऐक, उत्तर घरी पाठवू नकोस, शांतलिंग वाण्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. मी लिहिलंय हे कळलं तर घर डोक्यावर घेतील.

मेसची पोळी पातळ असती म्हणून उपाशी उठत जाऊ नकोस. मायेला काय तोटा न्हाय, ती या पत्रातनं पाठवते.

तुझी आई,
अयोध्या


पुणे,
२८ सप्टेंबर २०२४

ती. आईस शिवप्रियाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी सरांना सांगितलं, माझा प्रकल्प बदलला. बाकीची पोरं टेबललॅम्प करतायत, मी रेझर करणार. वर्गात उभी राहून सगळं सांगितलं, आबांचा हात, काख, जखम, वास. दोघं-तिघं फिदीफिदी हसले. हसू दे. तुझ्या पोरीची कातडी जाड आहे.

मातीच्या इतक्या मुठी केल्या की आमची खोली कुंभारवाडा झालीय. माझ्या खोलीतल्या मंजुषानं बिचारीनं स्वतःचा डावा हात ओढणीनं छातीला बांधून घेतला आणि प्रत्येक रेझर चालवून बघितला. शेवटी जमला तो सोबत पाठवलाय. मान विळ्यासारखी वाकवलीय. डोकं अरुंद, पात्यापुढं फणीसारखे दात, म्हणजे कातडी सापडणार नाही. मूठ रबरी आहे, ओल्या हातातनं निसटणार नाही. ‘एकट्यानं, कुणाच्याही मदतीशिवाय’ असं लिहून मी टेबलासमोर चिकटवलंय. ते तुझ्याच पत्रातनं सुचलं.

पण आई, भीती वाटते गं. मंजुषाचा हात धडधाकट, आबांचा तसा नाही. माझ्या रेझरनं त्यांना पुन्हा कापलं तर मी काय तोंड दाखवू? आधी तुझ्या मनगटावर फिरवून बघ आणि मगच त्यांना दे. पुढच्या महिन्यात परीक्षकांपुढं मांडायचंय, पण मार्कांचं मरू दे, जखम कशी आहे ते आधी कळव.

आबांना यातलं काही बोलू नकोस. तुझी माया अशीच पोस्टानं येत राहू दे.

तुझी,
शिवप्रिया


जळकोट,
४ ऑक्टोबर २०२४

चि. शिवप्रियास आशीर्वाद.

वि. वि. घात केलास गं पोरी! वाण्याच्या दुकानाचा पत्ता लिही म्हणून बजावलं होतं, तरी तू सवयीनं घरचा लिहिलास. अन् पत्रबी त्याच डब्यात घातलंस! मी घटाचं सामान आणायला नळदुर्गला गेलेले. पोस्टमननं डबा आबांच्या मांडीवर ठेवला, त्यांनी दातानं चिकटपट्टी फाडली. मी पिशवी घेऊन आले तर हे तुझं पत्र घेऊन बसलेले. माझ्या हातातले नारळ खाली पडले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची असती, तुझ्या पोरीनं ती पुण्यात उघडली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलणं. रेझर उशाखाली ठेवलाय, मला हात लावू देत न्हायत.

काल घट बसले. आता म्हणतात, दसऱ्यापर्यंत अंगाला पातं लावायचं न्हाय. आता नवरात्रात ते कधीच दाढी करत न्हायत, हे खरं. पण यंदा ही भक्ती का रुसवा, देवीलाच ठाऊक. रात्री अंग कोमट लागलं. वास वाढलाय. मी उदबत्त्या लावते अन् त्यांना वाटतं घटासाठी लावते. दसऱ्यापर्यंत हात चिघळला तर काय करू सांग? तूच लिही त्यांना, माझं ऐकत न्हायत.

रागानं लिहिलं म्हणून आशीर्वाद कमी समजू नकोस.

आई


पुणे,
७ ऑक्टोबर २०२४

ती. आबांस शिवप्रियाचा शि. सा. न.

वि. वि. पत्ता चुकला ती माझी घाई. तुमची गोष्ट तुम्हाला न विचारता चारचौघांत सांगितली त्याचंही वाईट वाटतंय. तुम्ही नको म्हणालात तर प्रकल्प मागं घेते, टेबललॅम्प करते. पण जखमेची लाज कसली आबा, ती काय चोरी आहे?

माझ्यावर खुशाल रागवा, फक्त तो रेझर वापरा. देवी कोपली तर माझ्यावर कोपू दे. घरचा फोन वाजला की उचलायचा धीर होत नाही. मला दुसरं काही नको, तुमचा हात नीट राहू दे.

तुमच्या दोन ओळींची वाट बघते. माझ्यावरचा जीव रागाखाली कुठंतरी असेलच, तो काढून ठेवा.

तुमची,
शिवप्रिया


जळकोट,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. शिवप्रिया हीस अ. उ. आ.

वि. वि. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पुण्यातली पोरं माझ्या काखेवर हसली, हे वाचून जेवण गेलं न्हाय. पण रेझर उशाखाली ठेवला तो रागानं न्हाय. कुणी बघत नसलं की मूठ धरून बघत होतो. मूठ झ्याक आहे.

खंडेनवमीला कोयता, खुरपं, कुऱ्हाड मांडली अन् शेजारी तुझा रेझर मांडला. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. तुझ्या आईला वाटलं मी थट्टा करतोय, ती रडाया लागली. अगं, नवं हत्यार पुजल्याबिगर आपल्या घरात कधी कुणी वापरलंय का?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीत बसलो, आतनं कडी घातली. मान बरोबर आत शिरती. पण काख उघडायला हात ओढून धरावा लागतो, अन् माझा चालता हात तर रेझर धरून बसलेला. तुझ्या मैत्रिणीचा हात बांधलेला होता, माझा आवळलेला आहे. लई वेळ झटलो, एकदा दात रुतले. आता हे असंच चिघळणार अन् चिरावं लागणार, असं मनात आलं. शेवटी कडी काढली अन् तुझ्या आईला हाक मारली. या जड जिभेनं अयोध्या म्हणायला किती वेळ लागतो, तू ऐकशील तर हसशील. तिला यायला मात्र वेळ लागला न्हाय. ती दाराबाहेरच उभी होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच.

तिनं मनगट धरून हात उचलला, मी रेझर चालवला. कापलं न्हाय. आज उमरग्याला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, चिरायची गरज न्हाय, आता रोज मलम लावा अन् कोरडं ठेवा. तुझी आई दवाखान्यातच देवीला हात जोडत होती, मी तिला ओढून बाहेर आणलं.

लॅम्प-बिंप करू नकोस. परीक्षकांनी विचारलं ही काख कुणाची, तर जळकोटच्या लिंबाजीची म्हणून सांग. फक्त ते टेबलासमोरचं वाक्य काढ. अन् मूठ थोडी लांब कर. भादरताना माझा हात थरथरला तेव्हा तुझ्या आईनं माझ्या बोटांवर बोटं ठेवली, पण त्या मुठीवर तिची बोटं मावली न्हायत.

दिवाळीला लवकर ये, जीव जागेवरच आहे.

तुझे,
आबा