रोवणीत सुटणारी गोळी

माय, तुझं बीपीचं कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. दर महिन्याच्या चौकटीत निळ्या पेनानं बरोबरची खूण, ज्या पावसाळ्यात तुला लकवा मारला त्या महिन्यातसुद्धा. खूण म्हणजे गोळ्या दिल्या, एवढंच. तू त्या गिळल्यास की नाही, ते कुणी पाहिलं नव्हतं. तरी त्या कार्डाकडे बघून डॉक्टर म्हणाले होते, नियमित घेऊनही बीपी उतरत नाही, डोस वाढवू. तू मान हलवलीस आणि गोळ्यांची पिशवी पदराखाली घेतलीस.

आता मी त्याच कार्डांवर पोट भरते. शुगर-बीपीच्या पेशंटना प्रत्यक्षात कोणती औषधं मिळतात, पेशंट ती कशी घेतात, पुढे त्यांचं काय होतं, याच्या नोंदी आमचा अभ्यास गोळा करतो. आधी दवाखान्याच्या रजिस्टरवरून, मग घरोघरी जाऊन. गेल्या आठवड्यात केशोरी गावाच्या पलीकडे एका घरी गेले. भाताच्या रोवणीवरून परतलेली बाई अंगणात पाय धूत होती, तुला लकवा मारला तेव्हा तू होतीस त्याच वयाची. कार्डावर सगळ्या खुणा, आणि घरात गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्यांचा ढीग. मी विचारलं, "काऊन नाही घेतल्या?" ती माझ्यावरच चिडली. "ते गोळी खाल्ली का घडीघडी लघवीले लागते. धानाच्या बांधीत दिवसभर उभी रायतो, काठच्या धुऱ्यावर मानसं उभे रायतेत. कोठी जाऊ मी? सांग ना, कोठी जाऊ?"

हे मी आधीही ऐकलं होतं. आपल्या स्वयंपाकघरात. तू चुलीपुढे बसून शेतावरचा डबा बांधते आहेस, आणि तांदळाच्या डब्यात सापडलेल्या पट्ट्या हातात धरून मी तुझ्यावर ओरडते आहे. शिकलेली पोरगी ना मी! तू कारण एकदाच सांगितलंस, तेही खाली बघून. मग म्हणालीस, "रोवना झाला का खाईन." तुला काही समजत नाही, असं मी फटकन बोलले. समजत मला नव्हतं, माय. त्याच रोवणीत तू बांधीच्या चिखलात पडलीस आणि नंतर उठलीच नाहीस.

आमच्या फॉर्मवर गोळी सोडण्याची कारणं चारच आहेत: विसरले, संपल्या, त्रास झाला, इतर. काल गोंदियाच्या ऑफिसात जाऊन आमच्या साहेबांना म्हटलं, पाचवं कारण टाका. जायला आडोसा नाही. आज नाही टाकलं तर अहवालात जाईल की बाया नियमित गोळ्या घेतात आणि तरी गुण येत नाही. मग पुन्हा डोस वाढेल, पुन्हा कुणीतरी पिशवी पदराखाली घेईल. साहेब हसले. "मॅडम, ये कोई मेडिकल कारण थोडी है. इतर में डाल दो." माझं डोकंच फिरलं. तुझं मरणसुद्धा ह्यांच्या लेखी 'इतर'! मी भांडले, टेबलावर हात आपटला. तेव्हा ते जरा नरमले आणि म्हणाले, ठीक आहे, एक तरी बाई आणा, जी स्वतःच्या नावानं हे कारण लिहून देईल. मग वर बोलतो.

केशोरीकडची ती बाई नावानं लिहून देणार नाही. तूही दिलं नसतंस. पण अशी एक बाई त्यांच्यासमोरच उभी होती. दोन वर्षं झाली, मलाही तीच गोळी चालू आहे आणि सर्वेच्या दिवशी मी ती घेत नाही. परक्या गावात दिवसभर कुणाच्या घरी विचारायचं? माझ्याही कार्डावर सगळ्या खुणा आहेत.

तुला सांगते, कारण हे पत्र कुठेच जाणार नाही. साहेबांनी विचारलं, है कोई? मला लाज वाटली, माय. मी खाली बघितलं आणि केशोरीकडच्या बाईच्या फॉर्मवर 'इतर'पुढे खूण केली.