चांगुणाच्या नावाचा कागद

परंडा,
१४ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप ज्ञानोबादादांना मुक्ताचा नमस्कार.

इकडे ठीक. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमचं पत्र पोचलं. "पोरांना सनावळ्या शिकव, गावातली मढी उकरू नको," असं लिहिलंत. वर हेडमास्तरांनाही निरोप धाडलात. माझी नोकरी तुमच्या मेहेरबानीवर नाही, हे आधी सांगून ठेवते.

मी काय शिकवलं ते ऐका. नववीच्या पोरांना आपल्या गावच्या पाझर तलावावर नेलं. बांधावरच्या फरशीवर सोळा नावं आहेत. त्यात मुकादम म्हणून तुम्ही. बाई एकही नाही. त्र्याहत्तरच्या दुष्काळात तिथं दीडशे बाया माती वाहत होत्या. त्या होत्या, हे पुराव्यानं दाखवा, असं मी पोरांना सांगितलं. मला वाटलं, म्हाताऱ्यांना विचारतील, गाणी उतरवून आणतील, झालं.

पण लालबी म्हणून माझी एक विद्यार्थिनी आहे. तिला तलावाच्या कामावरचा एक जुना फोटो मिळाला. पुढाऱ्याच्या मागं, कडेला अर्ध्या कापलेल्या अकरा बाया. दारोदार फिरून तिनं त्यांची नावं लावली. आठवं नाव चांगुणा.

मग ती चांगुणाच्या आईकडं गेली. मथुराबाईनं ट्रंकेतनं, चांगुणा गेली तेव्हा दिलेल्या जबाबाची कार्बन कॉपी काढली. म्हणाली, "माझ्या लेकीचं नाव ह्या एकाच कागदावर उरलंय. म्हणून जपलाय. वाच की, पोरी."

लालबीनं वाचलं: 'सदर चांगुणा ही कामावर नव्हती. सरपण आणण्यास गेली असता मुरमाच्या खाणीत दरड कोसळून मयत झाली.'

"असं न्हाय त्यात. परत वाच."

पोरीनं तीनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी तिनं तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, ह्यातला 'ण' तुमचा हाय. फळ्यावर असाच काढता." सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, हे आधी विचारायचं, असं मीच त्यांना शिकवलेलं. मी 'होय' म्हणाले.

तुमचं अक्षर वाईट म्हणून माझ्याकडून लिहून घेतलंत. मी अठरा वर्षांची होते. खालनं पोखरायला लावू नका, कडा अंगावर येईल, असं बाया दोन दिवस ओरडत होत्या. तुम्ही त्यांना शिव्या घातल्यात. मी ऐकलंय, दादा. मी चांगुणाच्या शेजारीच घमेलं भरत होते. ते रिकामं करायला वर गेले, म्हणून आज हे लिहायला आहे.

आणि एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही. मथुराबाई म्हणाली होती, "मुक्ते, वाचून दाखव, मग अंगठा देते." मला तिच्या तोंडावर ते वाक्य वाचवेना. 'कामावर नव्हती' लिहिलं होतं, मी 'कामावर होती' वाचलं. तिनं अंगठा दिला.

काल तिच्याकडं जाऊन हे सांगितलं. वाटलं, मारेल. मारती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "धा वर्सं म्या लोकांना सांगत आले, कागदात खरं लिवलंय म्हणून."

तुम्ही दूध संघाला उभे आहात, म्हणून गप्प बस म्हणता! आधी तलाव पुरा व्हायचा होता, मग तुमचं लग्न होतं, मग माझी नोकरी. त्या बाईनं अजून किती थांबायचं? तुम्हाला लाज कशी वाटत नाही, हे मी विचारणार होते. पण मलाही दहा वर्षं वाटली नाही.

आज सकाळी मी नवा जबाब लिहून तहसिलीत दिला. फोटोतल्या ज्या तिघी अजून गावात आहेत, त्यांनी अंगठे दिले. त्यांना मथुराबाईसमोर लालबीनं वाचून दाखवलं, मी नाही. पोच घेतली आहे.

रविवारी दहाच्या सुमाराला मथुराबाई आणि माझा वर्ग तुमच्या दारात येईल. खालनं पोखरायला कुणी लावलं, हे पोरं तुम्हाला विचारतील आणि तुम्ही बोलाल ते उतरवून घेतील. मी पोरांमध्ये उभी असेन, तुमच्या ओट्यावर नाही.

खाली 'तुमची' लिहायचं की नाही, ते रविवारी ठरेल.

मुक्ता