सोफ्याचा किस्सा

१२ मार्च, मंगळवार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा आता बरा आहे. दुकानात परवा एका आजोबांनी नवा चष्मा लावला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "अरेच्चा, तुम्ही तर माझ्याच वयाचे की!" बघ, विनोद माझ्याही वाट्याला येतात. मी तिकीट लावत नाही, एवढंच.

रविवारी दुपारी तुझ्या विनोदी कार्यक्रमाला आलो होतो. कळवलं नाही. शेवटच्या रांगेत, खांबाआड बसलो. खरं सांगू? तुझा फज्जा उडावा असं वाटत होतं. घरातला विनोदी मी होतो गं! लग्नाकार्यात लोक माझ्याभोवती कोंडाळं करायचे आणि तू कोपऱ्यात गप्प बसायचीस.

आणि तू नेमका सोफ्याचा किस्सा काढलास. सोफा दारातून आत जाईना, म्हणून बाबा दोन दिवस जिन्याच्या वळणावर त्याच्यावरच पेपर वाचत बसले, आणि वर चढणाऱ्या शेजाऱ्याला म्हणाले, "या ना, आत या!" वीस वर्षं मी सांगतोय हा किस्सा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेवटच्या वाक्याआधी तू थांबलीस. मी तिथे कधीच थांबलो नव्हतो, मला घाई व्हायची. अख्खं सभागृह तुझ्या तोंडाकडे बघत होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "या ना, आत या!"

लोक फिदीफिदी हसले. तू नुसती उभी. मला वाटलं, संपली. मग वर बघून म्हणालीस, "बाबा, तुम्ही गेलात ना? मग तिकीट कोणी दिलं?" छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

काल संध्याकाळी मीही एका कॅफेत नवशिक्यांच्या यादीत नाव दिलं. पाच मिनिटं मिळाली. तोच किस्सा. सोफा टेम्पोतून उतरेपर्यंत लोकांनी मोबाइल काढले. तुझ्यासारखा थांबायला गेलो, तर ती शांतता अशी अंगावर आली की पुढचं वाक्यच विसरलो. लग्नातले लोक आपलेच असतात, आधीच हसायला बसलेले. हे परके. त्यांच्यापुढे तू रोज थांबतेस! जळफळाट कमी झाला म्हणशील, तर मुळीच नाही. वाढला.

काल सकाळी फोनवर तू म्हणालीस, "दादा, कोण होता देव जाणे, पण आवाज अगदी बाबांचा. आत जाऊन रडले मी. वाटलं, खरंच आले." मी नुसतं हं म्हटलं आणि गिऱ्हाईक आलंय सांगून फोन ठेवला. सोमवारी दुकान बंद असतं, हे तुलाही ठाऊक आहे.

चिमे, मी ओरडलो होतो. तुला पाडायला.

तुला परत भेटलेले बाबा हिरावून घेणारा,
तुझा दादा