रिकाम्या जागेचा ठराव

३ मार्च
आजपासून रोजनिशी. इतिहास घडतो आहे आणि तो लिहून ठेवायला घरात दुसरं कोणी लायक नाही.
आम्ही चौघं सुरावटी टाइप करून एकमेकांना पाठवतो. एका सुराला एक अक्षर. पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, त्यामुळे एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाजवता येत नाही. आता एकच पद्धत ठरवायची. समिती: बायको (तिचा गाण्याचा ग्रुप आहे), मेव्हणा (त्याचा प्रोग्रॅम टाइप केलेलं वाजवून दाखवतो), बासरीवाला (माझा कॉलेजपासूनचा मित्र) आणि अध्यक्ष मी. निवडणूक झाली नाही, पण हरकतही कोणी घेतली नाही.

५ मार्च
सगळं ठरलं. फक्त विराम राहिला, म्हणजे गाताना थांबायचं कुठे ते. माझं म्हणणं, तिथे काही लिहूच नये. दोन मात्रा थांबायचं तर दोन स्पेस सोडाव्यात. शांतता ही लिहायची गोष्टच नव्हे, असं म्हणालो. सगळे गप्प झाले. पटलं असावं.
मेव्हणा म्हणे, आडव्या रेघा माराव्यात. सौंदर्यदृष्टी नाही. माझ्या लग्नात त्याने घातलेल्या शर्टावरूनच ओळखलं होतं.

९ मार्च
बासरीवाल्याला चहा पाजला. मत मलाच, असा शब्द दिला त्याने. बायकोला विचारायचा प्रश्नच नाही, ते घरचं मत. तीन विरुद्ध एक.

११ मार्च
माझी सर्वोत्तम सुरावट सगळ्यांना मेल केली. संथ, जागोजागी विराम. मेव्हण्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

१२ मार्च
आलं. हसून हसून. मेलने चार-चार स्पेस गिळून एकेकच ठेवली. बासरीवाल्याने फोनवर वाजवून दाखवली, मागे कुत्रं लागल्यासारखी. दम लागला म्हणाला.
दोष मेलचा आहे, पद्धतीचा नाही, असं मेव्हण्याला सविस्तर कळवलं. उत्तरादाखल त्याने एक आडवी रेघ पाठवली.

१५ मार्च
मतदान, आमच्याच हॉलमध्ये. बासरीवाल्याने माझ्याकडे न बघता रेघेच्या बाजूने हात वर केला. त्यापाठोपाठ बायकोने. मला वाटलं पंखा लावायला सांगते आहे. तीन विरुद्ध एक. आकडा माझाच बरोबर निघाला.
पुढचं जास्त लागलं. ती म्हणे कित्येक वर्षं माझ्या सुरावटींत रेघा घालूनच ग्रुपला देते आहे. श्वास कुठे घ्यायचा ते बायकांना कळत नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. हे सगळ्यांसमोर, माझ्या खुर्चीला खुर्ची लावून. मेव्हण्याचं समजू शकतो, तो मेव्हणाच आहे. पण ही तोंडावर वा वा म्हणायची आणि पाठ फिरली की दुरुस्त करायची. इतकी वर्षं मी त्या वा वा वर जगलो.
निर्णय: अध्यक्षपदाचा राजीनामा. आणि तिच्याशी अबोला. कडक.

१६ मार्च
सकाळी अवाक्षर काढलं नाही. परिणाम दिसतो आहे. ती गुणगुणत होती. अस्वस्थ असावी.

१८ मार्च
भाजीत मीठ कमी होतं, तरी मागितलं नाही. आता विचारेल काय झालं म्हणून. तिने विचारलं, गॅसवाला येऊन गेला का. मी गप्प. तिने स्वतःच जाऊन पाहिलं.

२१ मार्च
ती फोनवर भावाला सांगत होती, ह्यांनी फारच समजूतदारपणे घेतलं, अगदी शांत आहेत.
शेवटी मलाच जाऊन सांगावं लागलं, की मी पंधरा तारखेपासून तुझ्याशी बोलत नाहीये. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. खरंच वाईट वाटलं तिला. म्हणाली, अहो, मग तसं काहीतरी कळवायचं ना, मला कसं समजणार. मग जरा थांबून विचारलं, अजून चालू आहे का.
मी हो म्हणालो.