परांची की विटा

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, गणिती भौतिकशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, विद्यार्थ्यांची ‘ठिपकेबाई’, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत.

कलम एक. घर आणि बँकेतली ठेव माझ्या भाचीला. तिने माझं सगळं केलं, वर माझी बोलणीही खाल्ली. पोरी, जिन्याचा कठडा तेवढा दुरुस्त करून घे.

कलम दोन. पुस्तकं विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. माझ्या वेळचे विभागप्रमुख भर बैठकीत म्हणाले होते, “बाई, ठिपक्यांनी विश्व होत नाही, गोवर होतो.” सगळे हसले. मीही हसले, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यांना माझं भिंग द्यावं. बारीक पाहायची सवय अजूनही लागू शकते.

कलम तीन. मागच्या खोलीतला फळा. इथे जरा पाल्हाळ होईल, वकीलसाहेबांनी सांभाळून घ्यावं.

त्या खोलीत मी आणि माझा सहकारी, ज्याला सगळे ‘अखंड’ म्हणत, वर्षानुवर्षं एकच गणित करत होतो. अवकाश आणि काळ सलग मानले, की पुंजक्षेत्राच्या समीकरणांत उत्तर अनंत येतं, म्हणजे हाती भोपळा. म्हणून आम्ही त्यांच्या जागी ठिपक्यांचं जाळं मांडलं आणि उत्तरं माणसांत आली.

तो म्हणे, “ठिपके म्हणजे परांची गं. इमारत उभी राहिली की उतरवायची. विश्व मुळात अखंडच आहे.” मी म्हणे, “परांची कसली डोंबलाची! याच विटा आहेत.” त्याला डिवचायला मी चहात साखर ढवळायची नाही. “बघ, दाणे!” तो माझा कप ओढून ढवळायचा. “आता दाखव.” काय दिवस होते ते! अंगभर खडू, गार झालेला चहा आणि भांडायला हक्काचं माणूस.

शेवटी एका शब्दावर गाडं अडलं. आमच्या लेखात त्याने लिहिलं, ठिपके ‘सोयीसाठी’ घेतले आहेत. मी ते खोडून ‘खरे आहेत’ केलं. त्याने माझं खोडलं. लेख गेलाच नाही. तो मात्र दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि बोलणं तुटलं. फळ्यावर डावीकडे त्याचं अक्षर आहे, उजवीकडे माझं. मधलं बरोबरचं चिन्ह मांडायचं राहिलंय. मी तो फळा कोणाला पुसू दिलेला नाही.

फळा त्याला द्यावा. म्हणजे न्यायला तरी तो येईल. मी असताना आला असता तर बरं झालं असतं. फार आठवण येते त्याची.

पुरवणी. इथवर लिहिलं आणि बेल वाजली. साक्षीला येणारे शेजारी तापाने पडले, म्हणून भाचीने परस्पर त्यालाच फोन केला होता. काठी टेकत आला. कलम तीन वाचून म्हणाला, “अगं, अजून तशीच हट्टी!”

समोर बसलेले वकीलसाहेब म्हणाले, “ज्याला काही मिळायचंय, त्याने साक्षीदार होऊ नये. काका, फळा की सही?”

“सही,” तो म्हणाला. “फळा इथेच राहू दे. मी येत जाईन. खडू कुठाय?”

सबब, कलम तीन रद्द. फळा वापरात आहे, पुसू नये.

मृत्युपत्र करणार: ठिपकेबाई (सही, शेवटी ठिपका)
साक्षीदार एक: वकीलसाहेब (सही)
साक्षीदार दोन: अखंड (सही, पेन मध्ये न उचलता)
ठिकाण: मागची खोली
दिनांक: आजचा. “दिवस आपण सोयीसाठी पाडलेत,” असं तो शेजारून म्हणतोय. म्हणू दे. आजचा खरा आहे.