रीलचा तिसरा भाग

पार्सिपनी, मंगळवार

तीर्थस्वरूप गुरुनाथकाका यांस,

सावनीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? काकूंची नजर चुकवून जिने चढत असालच. (पत्राचा फोटो पाठवतेय, कारण फोनवर तुम्ही आधी ओरडता, मग ऐकता.) माझी तब्येत ठीक, पण जीव टांगणीला लागलाय आणि त्याला कारण तुम्ही.

पलटणीच्या बँडातून रिटायर होऊन आल्यावर अंगणात बसवून तुम्ही मला बॅगपाइपवर ती नाचाची धून शिकवलीत ना, इथे रील म्हणतात ती? (शेजारची म्हैस बिथरली होती, तीच.) ती इथल्या अमेरिकन बँडात वाजवली आणि घोळ झाला. आमचे मुख्य पाइपर इयनसाहेब, आजोबा स्कॉटलंडचे, स्वभाव थेट तुमचा (राग मानू नका). त्यांच्या मते धून दोनच भागांची. दुसरे एक म्हातारे म्हणतात, मुळात ती फिडलवरची, म्हणजे व्हायोलिनवरची, पाइपरांनी उचलली. एका पुस्तकात तिचं नाव कुणा धोबिणीवरून, दुसऱ्यात सरदाराच्या घोड्यावरून; प्रत्येक खोऱ्यात वळणं वेगळी आणि प्रत्येकाचीच अस्सल! साहेब आणि ते म्हातारे पार्किंगमध्ये गाड्या आडव्या लावून भांडले. पण तुमचा तिसरा भाग मात्र कुणाच्याच पुस्तकात नाही. हे कुठून आणलंस, असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. मला असा संताप आला! माझ्या काकांची धून चुकीची? मी ठणकावलं, काका पलटणीतल्या उस्तादांकडून शिकले, उस्ताद गोऱ्या साहेबाकडून. तुमच्याकडे हरवलं असेल, आम्ही जपलंय.

साहेबांचे डोळेच भरून आले, काका. आता शनिवारच्या स्पर्धेत आम्ही तो ‘हरवलेला मूळ भाग’ म्हणून वाजवणार, आणि परीक्षक खुद्द स्कॉटलंडहून येताहेत. भाग खोटा ठरला तर बँडाची शोभा होईल, साहेबांचं नाक कापलं जाईल आणि मला नारळ मिळेल. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा बोटं टेबलावर तेच वाजवत बसतात.

काकूंना नमस्कार.

तुमची,
सावनी

ता. क. खरं काम राहिलंच. साहेब गुरुवारी तुम्हाला व्हिडिओ कॉल करणार आहेत. उस्तादांचं नाव तेवढं आठवून ठेवा.

ता. क. २ आत्ताच आईचा फोन आला. ती म्हणते, तो भाग तुम्हीच गणपतीच्या मिरवणुकीत जोडलात, दोन भागांत लेझीमवाल्यांचा फेरा पुरा होईना म्हणून! अहो काका, एका शब्दाने बोलला असतात तर! उस्तादांचं राहू द्या. गुरुवारी रेंज नाही म्हणून सांगा.

ता. क. ३ साहेबांचा मेसेज आलाय: तिसरा आहे म्हणजे चौथाही असणारच. काका, पाया पडते, गुरुवारच्या आत एक जुना चौथा भाग तयार करून पाठवा.